चाळिशीनंतरची विमाने

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची हुबेहूब प्रतिकृती तयार करणे हा शाळकरी मुलांचा छंद आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. ब्रिटन, अमेरिका किंवा जपानमधील चित्र मात्र निराळे आहे. तेथे या छंदातील सर्वांत मोठे आणि महागडे संच विकत घेणाऱ्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांचा भरणा आहे. लहानपणी वीतभर लांबीची विमाने बांधणारी ही मंडळी उतारवयात हात-हातभर लांबीच्या विमानांकडे का वळतात, हा प्रश्न म्हणूनच कुतूहलाचा ठरतो.

प्रथम प्रमाणाचा हिशेब पाहू. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर याच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. १:७२ या प्रमाणात तो साडेपंधरा सेंटिमीटर होतो, १:४८ मध्ये सुमारे २३, १:३२ मध्ये ३५, तर १:२४ मध्ये जवळजवळ ४७ सेंटिमीटर. छंदिष्टांच्या भाषेत १:३२ आणि १:२४ ही 'मोठी' प्रमाणे होत.

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायरचा पहिला संच काढला, तो १:७२ च्या आसपासचा. वूलवर्थ्सच्या दुकानांतून दोन शिलिंगांना, साध्या पिशवीत मिळणाऱ्या या संचांवर ब्रिटनमधील मुलांची एक पिढी वाढली. छंदिष्टांची आंतरराष्ट्रीय संघटनाही १९६३ मध्ये तेथेच स्थापन झाली. टेलफर्ड येथे दरवर्षी भरणारे तिचे प्रदर्शन आजही या जगाची पंढरी मानले जाते. १९७० मध्ये एअरफिक्सने १:२४ प्रमाणातील स्पिटफायर बाजारात आणले. खाऊच्या पैशांत परवडण्याजोगा हा खोका नव्हता. दुकानाच्या काचेबाहेरून तो न्याहाळणारी मुले आज निवृत्तिवेतन घेत आहेत. तेव्हा राहून गेलेली हौस आता भागवली जाते, हे या आकर्षणाचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

अधिक खरे कारण आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. वाचण्याच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात. या वयात डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. पुढे बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर पडते आणि त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली पूर्वीपेक्षा कमी उजेड डोळ्यात शिरतो. बोटांची थरथर वाढते ती वेगळीच. विमानाच्या कक्षातील आठ सेंटिमीटर व्यासाची तबकडी घेतली, तर ती १:७२ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर उरते आणि १:२४ मध्ये सव्वातीन मिलिमीटर होते. कुंचला एक मिलिमीटर सरकला, तर पहिल्या ठिकाणी तबकडीच नाहीशी होते. दुसऱ्या ठिकाणी चूक पुसता येते. पाऊणेदोन मीटर उंचीचा वैमानिकही एकीकडे अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी, तर दुसरीकडे सव्वासात सेंटिमीटर भरतो. चिमट्यातून उडालेला भाग शोधण्यासाठी गुडघे टेकून सतरंजी चाचपणे साठीनंतर किती जिकिरीचे असते, हे निराळे सांगावयास नको. थोडक्यात, प्रमाण वाढवणे ही हात आणि डोळे यांच्याशी केलेली तडजोड आहे. तिच्यामुळे अनेकांना छंद सोडण्याची वेळ काही वर्षे पुढे ढकलता येते.

घड्याळजी वापरतात तसे भिंग कपाळाला बांधून लहान विमानेच करत राहणारेही आहेत. परंतु भिंगाची शक्ती जितकी अधिक, तितकी वस्तू डोळ्यांजवळ आणावी लागते. तासाभरात मान आखडते. भिंगापेक्षा चांगल्या दिव्यावर खर्च करावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

येथे एक फसगत मात्र हमखास होते. विमान मोठे म्हणजे त्याचे भागही मोठे, असे नसते. वाढलेल्या जागेत निर्माते आणखी तपशील भरतात. एअरफिक्सच्या २००९ मधील १:२४ मॉस्किटोचे सहाशेहून अधिक भाग आहेत. शिझुओका येथील तामिया कंपनीने त्याच वर्षी काढलेल्या १:३२ स्पिटफायरमध्ये संपूर्ण इंजिन आहे, त्यावरील आवरणे चिमुकल्या लोहचुंबकांनी बसतात आणि आसनाचे पट्टे धातूच्या पातळ पत्र्याचे आहेत. अशा पट्ट्यांची बक्कल चिमट्यात धरताना १:७२ च्या आठवणी पुन्हा ताज्या होतात. तेव्हा खोक्यावरील प्रमाणाबरोबर भागांची संख्याही पाहावी. रंगाचा हिशेबही ध्यानात घ्यावा. लांबी तिप्पट झाली की पृष्ठभाग नऊपट होतो; तेथे कुंचल्याचे फटकारे लपत नाहीत आणि एअरब्रश घेणे भाग पडते. सांधा जोडणारी द्रवरूप सिमेंटे प्लॅस्टिक विरघळवतात. त्यांची वाफ बंद खोलीत साठू देऊ नये.

पहिल्या महायुद्धातील विमानांची ओढ असणाऱ्यांसाठी चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या न्यूझीलंडमधील विंगनट विंग्ज या कंपनीने २००९ पासून १:३२ चे देखणे संच काढले. जुन्या छायाचित्रांनी सजलेल्या त्यांच्या माहितीपुस्तिका जपून ठेवण्याजोग्या असत. २०२० मध्ये कंपनी बंद पडली. तिच्या यादीत एस. ई. ५ए होते. याच जातीच्या विमानातून इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत दहा विजय नोंदवले आणि २२ जुलै रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले.

महाराष्ट्राशी थेट नाते असलेले विमान म्हणजे मिग-२१. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये याच विमानासाठी उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाने त्याला अखेरचा निरोप दिला. ट्रम्पेटर या चिनी कंपनीचे १:३२ मिग-२१ उपलब्ध असून त्याचे पंख अवघे २२ सेंटिमीटर भरतात. शहरी सदनिकेतील काचेच्या कपाटात ते सहज मावते. हाँगकाँगच्या एचके मॉडेल्सचे त्याच प्रमाणातील बी-१७ बॉम्बफेकी विमान मात्र ९९ सेंटिमीटर रुंद असल्याने खरेदीपूर्वी घरात चर्चा झालेली बरी. आयात संचांवरील टपालखर्च आणि सीमाशुल्क हा चर्चेचा दुसरा विषय.

जागेपेक्षाही बिकट प्रश्न वेळेचा आहे. मोठ्या विमानाला फावल्या वेळात सहा महिने ते वर्ष सहज लागते. पासष्टीतील गृहस्थाच्या माळ्यावर न उघडलेले चाळीस खोके असतील, तर गणित कोणालाही करता येईल. तरीही खरेदी थांबत नाही, कारण संच बाजारातून नाहीसा होईल ही धास्ती विंगनट विंग्जने खरी करून दाखवली आहे. मागे राहणाऱ्यांना मात्र त्या खोक्यांचे मोल ठाऊक नसते आणि ते रद्दीच्या भावात जातात. प्रत्येक खोक्यावर किंमत आणि खरेदीचे वर्ष लिहिलेली यादी कुटुंबीयांच्या हाती देऊन ठेवणे त्यासाठी पुरेसे आहे. बांधून झालेली विमाने कोणाला द्यायची, हेही त्याच कागदावर लिहिता येते.