केतु, शिखी आणि शेंडेनक्षत्र

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावनजीक पाटण येथे भवानीच्या देवळात असलेला शिलालेख भाषाभ्यासकांस परिचित आहे तो मुख्यतः त्याच्या अखेरच्या मराठी भागामुळे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला व निकुंभ कुळातील सोइदेवाने त्यास दान दिले, हा त्या लेखाचा विषय. दानाचा प्रसंग चंद्रग्रहणाचा होता. शक, संवत्सर, मास आणि पौर्णिमा यांसह तो दगडावर कोरलेला आहे. इसवी सनाचे ते वर्ष १२०७ होय.

यानंतर पंधरा वर्षांनी, १२२२ साली, पुढे हॅलेच्या नावाने प्रसिद्ध झालेला धूमकेतु आकाशात आला. त्याआधी तो ११४५ मध्ये येऊन गेला होता. तेव्हा भास्कराचार्य एकतीस वर्षांचे होते आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण व्हावयास पाच वर्षे अवकाश होता. ग्रहणाची घटिका वर्तविणाऱ्या या परंपरेने सत्याहत्तर वर्षांचा हा फेरा का हेरला नाही? भीती आणि अंधश्रद्धा हे नेहमीचे उत्तर येथे अपुरे पडते, कारण भीती ग्रहणाचीही होतीच.

अधिक समाधानकारक उत्तर शास्त्राच्या विभागणीत सापडते. ग्रहगती हा सिद्धान्तस्कंधाचा विषय, तर केतु हा संहितेचा. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या केतुचाराध्यायात आरंभीच स्पष्ट केले आहे की, केतूचे दर्शन वा अस्त गणिताने जाणता येत नाही. केतु एकशे एक, असे काहींचे मत. एक हजार, असे इतरांचे. नारदाच्या मते मात्र केतु एकच, तोच अनेक रूपे घेतो. यांपैकी शेवटचे मत विशेष लक्षणीय आहे. तोच केतु पुन्हा येतो की काय, हा प्रश्न त्यातून निघू शकला असता. पण तो तपासण्यास दिनांकित नोंदी हव्यात. संहिताकारांनी केतूंचे वर्ण, आकार, दिशा आणि फळे बारकाईने दिली; दर्शनाची शक-तिथी देण्याची रीत मात्र ठेवली नाही. चीनमध्ये दरबारी ज्योतिषी तशी नोंद ठेवीत, आणि हॅलेच्या धूमकेतूची तेथील नोंद इ. स. पूर्व २४० पर्यंत मागे जाते. उणीव गणिताची नव्हती, रोजनिशीची होती.

शब्दाचा इतिहासही याच दिशेने बोलतो. वेदात ‘केतु’ म्हणजे ध्वज, खूण, प्रकाश. ‘धूमकेतु’ हे अग्नीचे विशेषण, धूर हाच ज्याचा ध्वज तो. पुढे त्याच ‘केतु’ शब्दाने नवग्रहांतील राहूचा जोडीदार, म्हणजे चंद्राचा पातबिंदु, दर्शविला जाऊ लागला. एका नावाचे दोन धनी झाले: एक डोळ्यांस कधी न दिसणारा पण गणिताने अचूक सापडणारा, दुसरा सर्वांस दिसणारा पण गणिताबाहेरचा. संस्कृतात ‘शिखी’ हे पर्यायी नावही आहे; मराठीतील ‘शेंडेनक्षत्र’ या नावात मात्र असा घोटाळा नाही. ‘शेंडी’ हा शब्द ‘शिखंड’पासून आला असे मानतात, ग्रीकांनीही या ताऱ्यास ‘केसाळ’ असेच म्हटले होते. पाहणाऱ्याने जे पाहिले तेच नावात ठेवले. लोकभाषेचा हा शब्द मागे पडला, ही खेदाची गोष्ट आहे.

युरोपातही हा प्रश्न लवकर सुटला नाही. १५३१ मध्ये आपियान याने पुच्छ सूर्याच्या विरुद्ध दिशेस असते हे दाखविले; १५७७ च्या धूमकेतूवरून टायको ब्राहे याने तो चंद्रापलीकडचा असल्याचे ठरविले. हॅलेने १७०५ मध्ये १५३१, १६०७ आणि १६८२ च्या नोंदी जुळवून १७५८ चे भाकीत केले, आणि ते खरे ठरले. तथापि सूर्यमालेच्या अतिदूर कडेहून, ऊर्ट याने १९५० मध्ये कल्पिलेल्या मेघातून, प्रथमच आत येणाऱ्या धूमकेतूंबाबत वराहमिहिराचे विधान आजही बरेचसे लागू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मेहरूण तलावाच्या काठासारख्या मोकळ्या जागेवरून सूर्यास्तानंतर पश्चिमेस पाहता येण्याजोगा असलेला त्सूचिन्शान-अ‍ॅटलास धूमकेतु २०२३ च्या आरंभापूर्वी कोणत्याही कोष्टकात नव्हता.