तळटीप : छळ व खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यातील अपील

फौजदारी अपील म्हणजे सत्र न्यायालयाने ठोठावलेल्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात मागितलेली दाद असून तीत कायद्याबरोबर पुराव्याचीही फेरछाननी होते. सोलापूर जिल्ह्यातील अशी अपिले पूर्वी मुंबईत चालत, १८ ऑगस्ट २०२५पासून त्यांच्यासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. हुंड्यासाठी छळ हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली (समावेश १९८३, कमाल तीन वर्षे कैद व दंड), तर खुनाचा प्रयत्न कलम ३०७ खाली येई, १ जुलै २०२४पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची अनुक्रमे ८५ व १०९ ही कलमे लागू होतात. जळालेल्या विवाहितेचा जबाब बहुधा रुग्णालयातच कार्यकारी दंडाधिकारी नोंदवतात, त्यावर ती शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा शेरा असतो आणि हात भाजले असल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला जातो. निव्वळ शेरा नाही म्हणून जबाब त्याज्य ठरत नाही, असे ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (२००२) या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले. मात्र ती वाचली, तर हाच जबाब मृत्यूपूर्व जबानी राहत नाही, तिच्या साक्षीला पुष्टी देणारे किंवा तिच्यातील विसंगती दाखवणारे पूर्वकथन एवढेच त्याचे मोल उरते, आणि उलटतपासणीला तिला स्वतः तोंड द्यावे लागते. लेकरांपायी पुन्हा सासरी नांदायला गेलेली स्त्री उलटतपासणीत साक्ष फिरवते, तेव्हा तिला खोटी ठरवणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय होय. म्हणूनच अपिलात जखमांचा वैद्यकीय दाखला, घटनास्थळाचा पंचनामा आणि शेजाऱ्यांच्या साक्षी बारकाईने वाचाव्या लागतात.