देवाच्या दरबारातील पंगत



शनवाऱ्यात उभे राहून मराठी ख्रिस्ती समाजाविषयी बोलायचे, तर आरंभ आपल्याच गावातील एका शब्दापासून करतो. १७०८ मध्ये दक्षिणेकडे जाताना गुरू गोविंदसिंहजी बुऱ्हाणपुरात थांबले होते. त्यांची स्मृती जपणाऱ्या येथील गुरुद्वाऱ्याचे नाव ‘बडी संगत’. शीख परंपरेने संगतीला पंगतीची जोड दिली, यातच तिचे मर्म आहे. एकत्र बसून नामस्मरण करता येते. एकत्र बसून जेवणे त्याहून कठीण!

मराठी ख्रिस्ती लोक आपल्या उपासक समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द घरगुती आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील मंडळी तितकी घरगुती होती काय? अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, चालू होते. ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतले होते. मिशनरी हा मायबाप, पाळक आणि शिक्षक हे त्याचे पगारदार. जो पगार देतो, त्याच्यापुढे मन मोकळे करावे कसे?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) हे शल्य आयुष्यभर टोचत राहिले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या मिशनमध्ये काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसमाज असावा, ही त्यांची कल्पना. चर्चच्या उंबरठ्याबाहेरच्यांनाही आत बसवणारा हा विचार त्या काळी धाडसाचाच म्हटला पाहिजे. मात्र दोन वर्षांच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले आणि दरबाराला आकार यायचा राहून गेला. दरबार म्हटला की मध्यभागी एक आसन येतेच, आणि हे आसन टिळकांवाचून रिकामे झाले.

माझ्या मते खरा दरबार साताऱ्याच्या आधीच भरला होता, आणि तो लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना लक्ष्मीबाईंचे माहेर आठवत असेल. जलालपूरच्या त्या घरात वडिलांचे सोवळे इतके कडक, की मीठसाखरही धुऊन घेतली जाई! अशा घरातील मुलगी पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली, परतल्यावरही सोवळे सांभाळत राहिली आणि मग एकेक पायरी उतरत सर्वांच्या पंगतीत आली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे मतांतर विचाराने घडले. लक्ष्मीबाईंना ते पाण्याच्या तांब्यापाशी, चुलीपाशी, रोजच्या रोज करावे लागले. म्हणूनच त्यांचे मला अधिक मोलाचे वाटते. पुढे त्या घरात परक्यांची मुले वाढली, विद्यार्थी राहिले. आपल्या शेजारच्या खानदेशातले बालकवी ठोंबरे तेथे घरच्यासारखे राहून गेले, आणि त्यासाठी त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले नाही.

लहान गटाचे बळ अशा साध्या व्यवहारातून येते, याचा एक दाखला दूरच्या इंग्लंडातही आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे जॉन वेस्लीच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि एकाने अकरा जणांकडून ती गोळा करावी, असे ठरले. वसुलीसाठी घरोघर गेल्यावर कोण कसा जगतो ते कळू लागले! त्यातूनच बारा जणांचे वर्ग उभे राहिले, आणि हिशेबाची वही सुखदुःखाची वही झाली.

टिळकांचा धागा मात्र सर्वस्वी तुटला नाही. त्यांची भजने आजही मराठी उपासनेत गायिली जातात. त्यांचे चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला. त्यात युरोपीय आणि भारतीय सभासद एकत्र राहत, भारतीय पद्धतीने जेवत. याच संघात १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन हा तरुण इंग्रज पुण्यास आला. येथेच शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्याची मैत्री जुळली. १९३२ मध्ये हे दोघे संघाच्या चौकटीबाहेर पडून आपल्या मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, करंजिया येथे, गोंडांच्या शेजारी झोपडी बांधून राहू लागले.