लीलावती
लीलावती : दुसरे भास्कराचार्य (जन्म १११४) यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाचा अंकगणितविषयक भाग (११५०). यातील अनेक उदाहरणे छोट्या कथाच होत. नऊ हात उंच खांबावरील मोर, खांबाच्या तळाशी असलेल्या बिळाकडे सत्तावीस हातांवरून येणाऱ्या सापावर झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून बारा हातांवर पडते. पद्यबद्ध सूत्र पाठ होई. ते कोठे लावावयाचे, हे अशा कथेने उमगे. लीलावतीचा विवाहमुहूर्त टळल्याची आख्यायिका मात्र मूळ ग्रंथात नाही. ती फैजीकृत फार्सी भाषांतरात (१५८७) आढळते. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला होता.