शिकारी रायफलींच्या नावांतील आकडे

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतील शिकारवर्णने, संस्थानी शस्त्रागारांच्या याद्या अथवा बंदूकविक्रेत्यांची सूचिपत्रके चाळू लागले की अभ्यासकाची गाठ आकड्यांशी पडते: .४५०, .४७०, .४५०/४००, .२७५. टेबलाभोवती बसून ऐतिहासिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांतही ही नावे येतात. आणि नियम रचणाऱ्याला सहज मोह होतो तो असा की, आकडा जितका मोठा तितकी रायफल प्रबळ मानावी. इतिहासाची साधने वाचणाराही याच मोहात सापडण्याचा संभव असल्याने या नामपद्धतीचा थोडा विचार येथे केला आहे.

जुनी पद्धत तर अगदी उलटी होती. ‘बारा बोअर’ याचा अर्थ असा की, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता त्यांतील एक त्या नळीत बसेल. साहजिकच ‘चार बोअर’ ही बंदूक ‘बारा बोअर’हून पुष्कळच मोठी. हत्तीच्या शिकारीसाठी एकोणिसाव्या शतकात तिचाच आधार घेतला जाई. पुढे आटे पाडलेल्या रायफलींसाठी इंचाचे दशांश रूढ झाले आणि मोठ्या आकड्यास मोठी नळी असा सरळ संबंध जुळला. परंतु तो फार काळ सरळ राहिला नाही.

‘एक्सप्रेस’ हा शब्द पहा. लंडनचे कारागीर जेम्स पर्डी यांनी १८५६ च्या सुमारास आपल्या वेगवान गोळीच्या रायफलीस आगगाडीवरून हे नाव दिले. त्या रायफली काळ्या दारूच्या. १८९८ मध्ये जॉन रिग्बी आणि कंपनीने सव्वातीन इंच लांबीच्या जुन्याच .४५० काडतुसाच्या मापावर धूरविरहित कॉर्डाइटचे काडतूस सिद्ध केले. त्याची ४८० ग्रेन वजनाची गोळी सेकंदास सुमारे २१५० फूट वेगाने जाई. हे ‘नायट्रो एक्सप्रेस’. शिवाय काळ्या दारूच्या नळ्यांना सोसेल असे सौम्य कॉर्डाइटचे तिसरे काडतूसही विक्रीस असे. म्हणजे आकडा एक, पितळी कोशाची लांबी एक, आणि बळ मात्र तीन प्रकारचे. यादीत नुसते ‘.४५०’ लिहिलेले असेल तर ती रायफल सांबराची की हत्तीची, हे त्यावरून मुळीच ठरत नाही.

उलट .२७५ हे नाव व्यापाराने घडविले. जर्मन माउझरच्या ७ × ५७ या लष्करी काडतुसाच्या नावात पहिला आकडा नळीचा व दुसरा कोशाच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रिग्बीने त्याचे इंग्रजी रूप .२७५ असे केले. हे माप आट्यांच्या उंचवट्यांमधील अंतराचे आहे. गोळीचा व्यास ०.२८४ इंच भरतो. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेट यांना भेट दिली ती याच मापाची रायफल. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने हजारावर हत्ती मारले, त्यांपैकी बहुसंख्य याच लहान काडतुसाने. आकड्यावरून बळ मोजणाऱ्या नियमात बेलला जागाच उरत नाही! अर्थात त्याचे यश शरीररचनेच्या ज्ञानाचे व नेमाचे होते, काडतुसाचे नव्हे.

तथापि या सर्वांहून बोलका पुरावा १९०७ च्या सुमाराच्या बंदीचा आहे. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान व सुदान येथे .४५० मापाच्या रायफली व काडतुसे आणण्यास मनाई केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी याच मापाची असल्याने शिकारी दारूगोळा बंडखोरांच्या हाती उपयोगी पडेल, हे भय त्यामागे असल्याचे सांगितले जाते. हिंदुस्थानची बाजारपेठ सोडणे बंदूककारांना परवडणारे नव्हते. हॉलंड आणि हॉलंडचे .५००/४६५, जोझेफ लँगचे .४७० ही काडतुसे या बंदीमुळेच पुढे आली. शक्तीच्या दृष्टीने ती .४५० च्या बरोबरीचीच होती. हत्तीला त्यांतील भेद जाणवला नसता. येथे आकडा वाढला तो बळ वाढले म्हणून नव्हे, तर कायदा चुकवावयाचा होता म्हणून. भाषाशास्त्रात ज्यास निषिद्ध शब्दाऐवजी योजलेला पर्यायी शब्द म्हणतात, त्याच जातीचा हा व्यवहार होय.

कालनिर्णयासाठी मात्र ही नावे उपयोगी पडतात. .४१६ रिग्बी १९११ चे, .३७५ हॉलंड मॅग्नम १९१२ चे. १९०९ साली घडणाऱ्या कथेतील पात्राच्या हाती यांपैकी काही दिसले, तर लेखकाने सूचिपत्रक पाहिलेले नाही, असे खुशाल समजावे.

लष्करी मापाचे हेच भय पुढे .३०३ ला लागू झाले. ‘थ्री-नॉट-थ्री’ असे आपण म्हणतो तेव्हा दशांशचिन्ह केव्हाच गळालेले असते. उरते ते केवळ नाव. हे माप सर्वसामान्य परवानाधारकास वर्ज्य असल्याने .३१५ ही शिकारी रायफल येथे रुळली व स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यातही ती तयार झाली. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील मॅनलिखर रायफलीचे. येथल्या सैन्याचे नव्हते, एवढ्यामुळेच ते येथल्या नागरिकास चालले.