चिकूची फूलगळ आणि कायद्याची दाद

बोर्डीतल्या चिकूच्या वाड्यांमधून हिंडताना कायद्याच्या इतिहासातला एक प्रश्न मला नेहमी छळतो. फूल गळून गेल्यावर हाती आलेल्या पैशाला दाद म्हणायचे का?

अपकृत्याचा कायदा बाधिताला मुख्यतः दोन वाटा दाखवतो: झालेल्या हानीची नुकसानभरपाई आणि पुढची हानी रोखणारा मनाईहुकूम. इंग्लंडमध्ये टिपिंग नावाच्या जमीनदाराची झाडे तांबे गाळणाऱ्या कारखान्याच्या धुराने करपली. परिसरच कारखान्यांचा आहे, हा बचाव हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६५ साली फेटाळला. त्याला सुमारे ३६२ पौंड मिळाले. पण धूर थांबवायला पुन्हा मनाईहुकूम मागावाच लागला.

आमच्या तालुक्यात तोच धूर डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राच्या रूपाने येणार होता. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प रोखायला नकार दिला. मात्र धुरातला गंधक काढणाऱ्या संयंत्राची अट पूर्ण विचार केल्यावाचून शिथिल करू नये, असेही बजावले. मनाईची वाट अशी मिटली. भरपाईची वाट उघडी असली तरी खडतर: फूलगळ धुराने झाली, की पावसाने, की किडीने, हे एकेका वाडीवाल्याने कसे सिद्ध करायचे?

तिसरी वाट जनहित याचिकेने काढली. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला होता. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितले. आधी सावधगिरी, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी, ही दोन तत्त्वे त्याच्या हाती दिली. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष झाले.

प्राधिकरणाने १९९९ मध्ये संयंत्र बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने चालढकल केली, तेव्हा २००५ मध्ये ३०० कोटींची बँक हमी मागितली. २००७ मध्ये संयंत्र सुरू झाले.

ही हमी म्हणजे भरपाई नव्हे. त्यातला रुपया कुणा बागायतदाराला मिळायचा नव्हता. तरी टिपिंगच्या पौंडांपेक्षा मला तीच मोलाची वाटते. तिने हिशेब मागितला तो फूल गळण्याआधी, आणि तोही धूर सोडणाऱ्याकडे.