एका गांवाची भाषा

बोलणारे थोडे असले म्हणजे भाषा लवकर मरते, असा समज सर्वत्र रूढ आहे. न्यू गिनी बेटाचा इतिहास या समजास दुजोरा देत नाहीं. एकट्या पापुआ न्यू गिनी देशांत ८०० हून अधिक भाषा आहेत, व त्यांतील कित्येक शेंदोनशें माणसांच्या तोंडीं पिढ्यान् पिढ्या टिकून राहिल्या.

सेपिक नदीच्या मुखाजवळील दलदलीच्या अरण्यांत गापुन नांवाचें गांव आहे. तेथील तायाप भाषेचें दुसऱ्या कोणत्याहि भाषेशीं नातें सिद्ध झालेलें नाहीं. मराठींत सुरा व सुरी यांचें लिंग आकारावरून ठरतें. तायापमध्येंहि सामान्यतः लांब, मोठी वस्तु पुल्लिंगी व आखूड, लहान वस्तु स्त्रीलिंगी मानतात. शेजारच्या गांवांच्या भाषा गापुनचे लोक शिकत. परंतु त्यामुळें घरची भाषा सुटली नाहीं.

१८८४ सालीं जर्मनीनें या प्रदेशावर ताबा सांगितला. मळ्यांवर नाना भाषांचे मजूर एकत्र आले आणि त्यांच्यांत टोक पिसिन ही मिश्र भाषा फैलावली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गापुनचे तरुण मळ्यांवरून परतले, ते पोलादी सुऱ्या, कापड आणि ही भाषा घेऊन. पुढें ख्रिस्ती धर्महि तिच्याच द्वारें आला. माणसाच्या ठायीं ‘हेड’ म्हणजे हट्ट व ‘सावे’ म्हणजे जाणतेपणा असतो, असें तेथील लोक मानतात. टोक पिसिन जाणतेपणाची भाषा ठरली. तायाप बायकांची, हट्टाची व जुन्या चालीरीतींची.

१९८६-८७ मध्यें मानवशास्त्रज्ञ डॉन क्युलिक तेथें राहिले, तेव्हां तायाप बोलणारे सुमारे ९० लोक होते. पण दहा वर्षांखालील एकहि मूल ती बोलत नव्हतें. आईबापांस विचारावें, तर मुलेंच हट्टी आहेत, असें उत्तर मिळे. वस्तुतः तान्ह्या मुलांशीं बोलतांना आयाच नकळत टोक पिसिनकडे वळत. कोणी बंदी घातली नव्हती. आपली भाषा जावी असें कोणाच्या मनांतहि नव्हतें.

२०१९ सालीं क्युलिक व अँजेला टेरिल यांनीं तायापचें व्याकरण व कोश हीं प्रसिद्ध केलीं. अभ्यासकांस त्यांचा मोठा आधार होईल, यांत शंका नाहीं. परंतु राजसत्तेचा जुलूम हेंच भाषानाशाचें कारण मानणाऱ्या इतिहासकारानें गापुनच्या घरांत डोकावून पाहावें. तेथें या प्रश्नाचा निकाल लागला तो आईच्या मांडीवर, आणि तो लागत आहे हें तिलाहि कळलें नाहीं.